चिंचोके

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
मी डिझेलची वही लिहितो.
तारीख, लिटर, होडीचं नाव, येणं बाकी.
अंदाजाला माझ्या वहीत रकाना नाही.

द्वारका कुबलचं जाळं हरवलं
त्या पहाटे मतलई वारा अजून पडला नव्हता.
बारा वाव पाण्यात सोडलेलं, दीड लाखाचं, निम्मं कर्जाचं.
हाती आला तो हातभर दोर.

भिवातात्या जुवाटकर म्हणाले, ट्रॉलरवाल्यांचंच काम.
टोक बघा, सुरीने कापल्यासारखं.
ओढत नेलं असणार आचऱ्याकडे,
छातीवर हात ठेवून सांगतो.
(तात्यांचा हात छातीवरून फारसा खाली येतच नाही.)

द्वारकाने दोराचं टोक बोटांनी उसवलं.
"ट्रॉलरान कापलां असतां तर असांच दिसलां असतां. कबूल.
पण खडपार घासान तुटलां असतां,
तरी असां दिसलां असतां काय?
धा वेळा घासलां, तर किती वेळा?"

हा प्रश्न बंदरात याआधी कुणी विचारला नसावा.
निवास तांडेल उठला, जुना दोर घेऊन
धक्क्याच्या कडेला घासत बसला.
दहांतून तीनदा टोक तसंच निघालं.

मग तिने बर्फाच्या पेटीच्या झाकणावर
कोळशाने समुद्र काढला. बारा चौकोन.
ओच्यातून साठ चिंचोके.
"वही काढ रे गुंडू. आधी हरवलेली खंय गावली?"
सात वर्षांत अकरा जाळी; सहा कवड्याच्या खडकापाशी.
माझ्या वहीत हे होतं,
मला ठाऊक नव्हतं.

कवड्याला पंचवीस ठेवले. आचऱ्याला अठरा,
तात्यांच्या मानाखातर नव्हे, दोराच्या टोकाखातर.
तळाशीलसमोर चार. बाकीचे इकडे तिकडे.
"सगळे आचऱ्याक ठेव," तात्या गरजले.
"सगळे थंयच ठेवले, तर उद्या हलवूक रवला काय?"

पहिल्या दिवशी कवड्याला काही नाही.
तिने तिथले निम्मेच उचलले.
पाणी गढूळ होतं; असून दिसलं नसेल.
उचललेले वाटून टाकले बाकीच्यांत,
ज्याच्याकडे जास्त त्याला जास्त.
दुसऱ्या दिवशी आचरा. तोही कोरा.
"म्हणजे माझां चुकलां?" तात्यांनी विचारलं.
"चुकलां नाय. हलकां झालां."

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, काल संध्याकाळी
तळाशीलच्या अंगाला तीन बोये एका ओळीत दिसले म्हणे.
सांगणारा प्यायलेला होता.
तिने तरी पाच चिंचोके सरकवले.
शुद्धीत असता, तर दहा सरकले असते.

चौथ्या दिवशी जाळं तळाशीलसमोरच गावलं,
फाटलेलं, शेवाळलेलं, अर्धं अधिक शाबूत.
तात्या म्हणाले, मी म्हटलंच होतं, उत्तरेला!
ती काही बोलली नाही. मासे विकायला गेली.

झाकण धुवायला मी घेतलं तेव्हा दिसलं,
पश्चिमेच्या शेवटच्या चौकोनात, खोल पाण्यात,
जिकडे कुणी गेलं नाही की जाणार नव्हतं,
एक चिंचोका. पहिल्या दिवसापासून तिथेच.
वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर
तिच्या भावाची होडी आहे. चाळीस लिटर. येणं बाकी.
"थंय शून्य नको," ती मागून म्हणाली.
मी झाकण तेवढा कोपरा सोडून धुतलं.

परवा बर्फाच्या कारखान्यावरून वाद पेटला,
मालक हिशोबात खातो की नाही.
तात्या आले, मूठ वळलेली.
टेबलावर दाणदिशी सात चिंचोके आपटले:
"खातोच! छातीवर हात ठेवून सांगतो!"

हात छातीकडे गेला खरा,
पण तो अजून मिटलेलाच होता.
मी मोजतोय हे त्यांनी पाहिलं.
"आठवो हयसर आसा," ते पुटपुटले,
आणि मूठ खिशात घातली.